पीटर अ‍ॅशर, तुमचे मनापासून आभार

आदरणीय पीटर अ‍ॅशर यांस,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकी गायक जेम्स टेलर यांची गाणी मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे. निर्माते आणि मॅनेजर म्हणून तुम्ही पाठीशी उभे राहिला नसतात, तर तो आवाज माझ्यापर्यंत पोचलाच नसता असं मला वाटतं, म्हणून हे पत्र तुम्हाला.

१९६८ साली टेलर हा वीस वर्षांचा अमेरिकी मुलगा लंडनला तुमच्याकडे आला. न्यूयॉर्कमधला बँड मोडलेला, हेरॉइनचं व्यसन लागलेलं. आधार काय, तर डॅनी कोर्चमार या मित्राने दिलेला तुमचा फोन नंबर! तुम्ही बीटल्सच्या अ‍ॅपल या रेकॉर्ड कंपनीत नव्या गायकांच्या शोधात होतात. त्याची टेप तुम्ही ऐकलीत, बीटल्सच्या पॉल मॅकार्टनींना ऐकवलीत आणि त्याला करारबद्ध केलंत.

पहिला अल्बम फारसा खपला नाही. त्यात वाद्यांची गर्दी जरा जास्तच झाली होती, असं माझं प्रामाणिक मत आहे. त्यात तो व्यसनापायी पुन्हा इस्पितळात. कुणीही हात झटकले असते. तुम्ही मात्र अ‍ॅपल सोडलंत, त्याचे मॅनेजर झालात आणि अमेरिका गाठलीत. १९६९ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात त्याचे दोन्ही हात मोडले, तरीही तुम्ही मागे हटला नाहीत.

आणि मग १९७० चा 'स्वीट बेबी जेम्स'. त्यातलं 'फायर अँड रेन' मी आजही हेडफोन लावून ऐकतो. बोटांनी छेडलेली गिटार, कॅरोल किंग यांचा पियानो, रस कंकल यांनी काठ्यांऐवजी ब्रशने वाजवलेले ड्रम्स आणि खालून गजाने वाजवलेला डबल बास. एकही वाद्य आवाजाच्या पुढे जात नाही. भावगीतं ऐकत वाढलेल्या माझ्या कानांना ते पहिल्याच फटक्यात आपलं वाटलं. निर्माते म्हणून कुठे थांबायचं, हे तुम्हाला एव्हाना नेमकं उमगलं होतं.

१९६४ साली तुमच्या 'पीटर अँड गॉर्डन' या गायक जोडीचं गाणं पहिल्या क्रमांकावर होतं, म्हणजे माइकसमोरचं कौतुक तुम्ही स्वतः अनुभवलेलं. तरी दुसऱ्याच्या गाण्यासाठी तुम्ही स्टुडिओच्या काचेपलीकडे बसलात. याचं मला फार अप्रूप वाटतं.

२०१५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, टेलर यांचा अल्बम अमेरिकेत प्रथमच पहिल्या क्रमांकावर गेला. ती बातमी वाचली तेव्हाच तुम्हाला लिहायचं ठरवलं होतं. उशीर झाला, पण आभार अगदी मनापासून.

आपला,
पुण्याचा एक श्रोता