आधी एक आग लिहू द्या

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत प्रोग्रामिंग शिकण्यावर अधूनमधून लेख येतात, पण कुठली भाषा चालते, कुठला कोर्स करावा, यापलीकडे ते फारसे जात नाहीत म्हणून हे पत्र. माझं म्हणणं एवढंच की नव्याने शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यातच एक आग लिहायला द्या. जुन्या डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या सिस्टिमच्या) डेमोंमधे, म्हणजे करामत दाखवणाऱ्या छोट्या प्रोग्राममधे, स्क्रीनच्या तळातून लाल-पिवळ्या ज्वाळा उसळायच्या ना, तीच, आपल्या डेस्कटॉप ॲपच्या विंडोमधे.

त्यात आगीचं असं काहीच नसतं, फक्त आकड्यांचा तक्ता असतो, प्रत्येक घरात 0 ते 255 मधला एक आकडा म्हणजे तिथली धग. सगळ्यात खालच्या ओळीत दर फ्रेमला, म्हणजे चित्र नव्याने काढताना प्रत्येक वेळी, रँडम आकडे टाकायचे आणि बाकी प्रत्येक घरासाठी त्याच्या लगेच खालच्या ओळीतली शेजारची तीन घरं आणि सरळ दोन ओळी खालचं एक अशी चार घेऊन बेरीज करायची, चारने भागायचं, शिवाय त्यातून एक वजा करायचा, झालं. मग 0 ला काळा, पुढे गडद लाल, नारिंगी, पिवळा आणि शेवटी पांढरा असा पॅलेट, म्हणजे कुठल्या आकड्याला कुठला रंग याची यादी, लावला की ज्वाळा हलायला लागतात, आणि ती पहिल्यांदा हलताना बघणं काय असतं ते लिहून सांगता येत नाही.

1987 साली आलेल्या व्हीजीए या पीसीच्या डिस्प्ले पद्धतीच्या 320×200 मोडमधे एका पिक्सेलला (स्क्रीनवरच्या ठिपक्याला) एकच बाइट, म्हणजे 0 ते 255 मधला एक आकडा, लागायचा, म्हणजे सगळा स्क्रीन 64,000 बाइटचा, 65,536 बाइटच्या एका सेगमेंटमधे (मेमरीच्या तुकड्यात) मावणारा, त्यामुळे धगीचा आकडा हाच रंगाचा नंबर. आता बहुतेक ठिकाणी पिक्सेलला चार बाइट द्यावे लागतात म्हणून 256 रंगांचा तक्ता आपणच ठेवायचा.

खरं शिक्षण चुकांमधे आहे. माझ्या पहिल्या आगीत काळ्या आकाशात मधेच पांढरे ठिपके फुटायचे, दोन रात्री मी पॅलेट तपासत बसलो, आणि निघालं काय तर शून्यातून एक वजा होत होता आणि बाइटमधे उणे आकडा बसत नाही म्हणून त्याचा 255 होत होता! नंतर लूप (एकेक ओळ घेत जाणारा कोडचा फेरा) उलटा, तळातून वर फिरवला तर ज्वाळा चढेचनात, नुसत्या जागेवर लुकलुकायला लागल्या, कारण प्रत्येक ओळ नुकत्याच बदललेल्या ओळीवरून बनत होती आणि खालची धग एका फ्रेममधेच थेट वर पोचत होती. वरून खाली फिरवा, आग लगेच चढते. ओव्हरफ्लो (आकडा बाइटच्या मर्यादेबाहेर जाणं) म्हणजे काय आणि क्रम का महत्त्वाचा, हे मला यातूनच समजलं, त्याआधी परीक्षेत दोन्हीच्या व्याख्या लिहून झाल्या होत्या.

डेस्कटॉपवर करताना एकेक पिक्सेल फंक्शन कॉल करून रंगवू नका, फार स्लो होतं, सगळ्या पिक्सेलचे रंग आधी मेमरीतल्या एका बफरमधे भरा आणि एकदाच बिटमॅप, म्हणजे तयार चित्र, म्हणून काढा. ते चित्र मोठं करताना स्मूदिंग (कडा गुळगुळीत करणं) बंद, नाहीतर ते जुनं चौकोनी रूप पुसट होऊन जातं. आणि अजून एक गोष्ट जी बरेच जण विसरतात, त्या काळी हे 320×200 चित्र 4:3 च्या मॉनिटरवर पसरायचं, पिक्सेल रुंदीच्या 1.2 पट उंच दिसायचा, म्हणून आजच्या चौरस पिक्सेलवर तीच आग बसकी वाटते. उंची 1.2 पट ताणा, 200 च्या 240 ओळी होतात, आणि ज्वाळा परत सडसडीत दिसतात.

पूर्ण कोड साधारण चाळीस-पन्नास ओळींचा होतो, पुरवणीच्या एका कॉलमात बसेल. एखाद्या आठवड्यात कोर्सच्या लेखाऐवजी तो छापा ही विनंती, आणि वजाबाकीची ओळ मुद्दाम गाळून छापा, म्हणजे धग विझतच नाही, सगळी विंडो वरपर्यंत नारिंगी धुक्याने भरते, आणि ती कशी विझवायची ते पोरं स्वतः शोधतील.

आपला,
एक नियमित वाचक