नव्या गाडीबरोबरचे हेल्मेट मापाचे द्या

महोदय,

नवी दुचाकी विकताना तिच्यासोबत भारतीय मानक ब्यूरोच्या निकषांत बसणारे हेल्मेट दिले पाहिजे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १३८ सांगतो. अनेक शोरूममध्ये ते मिळतेही. मात्र ज्याच्या डोक्यावर ते जाणार, त्याला ते घालून पाहायला सहसा कोणी सांगत नाही. मागच्या खोलीतून एक खोके येते, किल्लीबरोबर हातात पडते आणि गाडीच्या हाराबरोबर फोटोत झळकते. डीलरांनी निदान तीन मापे काउंटरवर ठेवावीत आणि शिवणकामाची एक टेप बाळगावी, एवढीच या पत्रातली मागणी आहे. बाकीचे नव्या चालकांसाठी आणि त्यांना गाडी घेऊन देणाऱ्या आईवडिलांसाठी.

माप असे घ्या : भुवयांच्या वर सुमारे अडीच सेंटिमीटरवरून, कानांच्या वरच्या बाजूने, डोक्यामागे सर्वांत फुगीर भागावरून टेप फिरवा. आपल्याकडच्या हेल्मेटवर ५६०, ५८०, ६०० असे आकडे मिलिमीटरमध्ये असतात. ५७.५ सेंटिमीटर आले तर ५८० पासून सुरुवात करा. मात्र आकडा ही फक्त सुरुवात आहे, कारण कोणाचे डोके समोरून मागे लांबट असते, कोणाचे गोल, आणि प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा असतो. नवे हेल्मेट घालताना थोडे अडलेच पाहिजे. पट्टे बाहेरच्या बाजूला ओढून ते डोक्यात घाला. गाल दाबले गेले पाहिजेत. बोलताना आतून गाल दाताखाली येतो एवढे. हेल्मेट हाताने डावीकडे-उजवीकडे हलवले तर कपाळाची कातडी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे. हेल्मेट नुसतेच फिरत असेल तर ते मोठे आहे. पट्टा लावून, खाली वाकून, दुसऱ्या कोणाला तरी मागची कड वर आणि पुढे ढकलायला सांगा. निघाले तर अपघातातही निघेल. दुकानात पंधरा मिनिटे ते डोक्यावरच राहू द्या. गालांचा दाब काही आठवड्यांत सैलावतो, पण कपाळावर एकाच जागी ठणका लागत असेल तर तो साचा तुमच्या डोक्याचा नाही. माप वाढवू नका, कंपनी बदला.

चष्मा असेल तर चष्म्यासकट पाहा. उंच अंबाडा हेल्मेटला वर उचलून धरतो, तेव्हा केस मानेजवळ बांधा. तोंडाला स्कार्फ गुंडाळायची आपल्याकडे सवय आहे. हेल्मेटच्या आत त्याचे दोन-तीन पदर आले की हेल्मेट त्यांवरून सरकते, मागची गाठ टोचते म्हणून पट्टाही सैल ठेवला जातो. पातळ सुती किंवा ताणणारी बॅलाक्लाव्हा (डोके, तोंड व मान झाकणारी टोपी) घाला आणि माप तिच्यासकटच बघा.

खरेपणाची खात्री करायची तर आयएसआय चिन्हाच्या वर ‘आयएस ४१५१’ आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकला की उत्पादकाचे नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसते. नाव जुळले नाही तर हेल्मेट परत करा. १ जून २०२१ पासून आयएसआयविना दुचाकीचे हेल्मेट बनवणे-विकणे बेकायदा आहे, तरी रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेली हेल्मेटे आहेतच, आणि त्यांच्यावर ‘डॉट’चे स्टिकरही असते. डॉट ही अमेरिकेची पद्धत. तिथेही उत्पादक स्वतःच प्रमाणित करतो, त्यामुळे इथल्या दोरीवरच्या मालाला त्या स्टिकरने काहीही सिद्ध होत नाही. बजेट असेल तर आयएसआयबरोबर ‘ईसीई २२.०६’ हे युरोपात चालणारे मानक असलेले घ्यावे. त्यात डोक्याला बसणाऱ्या पिळाचीही चाचणी होते.

पूर्ण चेहरा झाकणारेच घ्या. टोपीसारखे अर्धे हेल्मेट दंड वाचवते, जबडा वाचवत नाही. आतला थर्माकोलसारखा थर हेच खरे संरक्षण. तो चुरडतो, डोके थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो, आणि चुरडलेला भाग पुन्हा फुगत नाही. म्हणून डोके आत असताना एकदा आपटलेले हेल्मेट बाहेरून कितीही धड दिसले तरी टाकून द्यावे. आरशावर टांगल्यानेही त्या थरात खड्डा पडतो. पेट्रोल किंवा थिनरने पुसू नका, प्लॅस्टिकचे कवच ठिसूळ होते. साबणाचे पाणी पुरते. काळी काच दिवसापुरती. पावसाळ्यात काचेवर आतून वाफ धरते, तेव्हा आत पिनलॉकची (वाफ रोखणारी) दुसरी काच बसेल अशी सोय आधीच पाहून घ्या. पट्टा हनुवटीखाली दोन बोटे जेमतेम जातील इतका घट्ट हवा. नाक्यावर पोलीस दिसल्यावर नुसते डोक्यावर ठेवलेले हेल्मेट पहिल्या धक्क्यात उडून जाते.

आता पैशांचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आधी शोरूममध्ये ९० हजारांना असलेली गाडी त्या हिशेबाने सातेक हजारांनी उतरायला हवी. ही रक्कम क्रॅश गार्ड, सीट कव्हर आणि गल्ली जागी करणाऱ्या (बेकायदाच) सायलेन्सरवर जाते. तेवढ्यात एक चांगले हेल्मेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट, तिन्ही बसू शकतात. जॅकेट पुढच्या वर्षी घेतले तरी चालेल, पण हा क्रम उलटा करू नये. तरुण मुले नेमका तो उलटा करतात, कारण जॅकेट फोटोत दिसते.

हातमोजे दुसऱ्या क्रमांकावर का? पडताना माणूस हात पुढे टाकतोच. तळव्याच्या बुडाशी, मनगटालगत, घसरणारी कडक पट्टी असलेले मोजे घ्या. तिथे नुसते रबर असेल तर हात रस्त्याला अडकतो आणि मनगट मोडते. मनगटाचा पट्टा लावून बोटांकडून जोरात ओढून पाहा. निसटला तर तो मोजा बिनकामाचा. घालून ब्रेक आणि क्लच दाबून बघा, बोटांच्या टोकाला कापड उरता कामा नये.

बुटाला घोट्याच्या दोन्ही बाजूंना कडक आधार हवा. बूट दोन्ही हातांनी पिळून पाहा, फडक्यासारखा पिळला गेला तर नको. लेस आत खोचायची, नाहीतर ती गिअरच्या दांडीत अडकते आणि सिग्नलला पाय टेकायच्या क्षणीच कळते. पावसाळी गमबूट गिअरखाली नीट जात नाही आणि त्याचा गुळगुळीत तळ ओल्या रस्त्यावर टिकत नाही.

जॅकेटमध्ये दुकानदार ‘सीई (युरोपचे चिन्ह) आहे’ म्हणतो. काय सीई आहे ते विचारा. कोपर-खांद्याच्या पॅडवर ‘ईएन १६२१-१’ हा युरोपीय मानकाचा क्रमांक आणि लेव्हल १ किंवा २ छापलेले असते. ५० जूलच्या ठोक्यातून लेव्हल १ चा पॅड सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बल आत जाऊ देतो, लेव्हल २ चा २० पर्यंत. पाठीसाठी ‘१६२१-२’ वेगळे असते, आणि कित्येक स्वस्त जॅकेटांत त्या खिशात नुसता फोम असतो. कापडाचीही परीक्षा झाली असेल तर आतल्या लेबलावर ‘ईएन १७०९२’ आणि एएए (सर्वांत वरची), एए किंवा ए अशी श्रेणी दिसते. आपल्याकडे हेल्मेटसारखी जॅकेटला आयएसआयची सक्ती नाही, त्यामुळे हे लेबल वाचण्याला पर्याय नाही. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा परिसरातील २१२ अपघातग्रस्त चालकांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. संरक्षक कपडे घालणाऱ्यांना इजा कमी झाल्या, पण चतुर्थांशाहून अधिक जॅकेटे, पँट आणि हातमोजे अपघातात फाटून निकामीही झाले. जॅकेट गाडीवर बसून, हात हँडलवर ठेवून पाहा. कोपराचा पॅड हाताने फिरवला तर कोपरावरून सरकता कामा नये. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात जाळीचे घ्या. घरी खुंटीवर राहणाऱ्या एएए जॅकेटपेक्षा अंगावरचे ए बरे. पावसासाठी आतल्या अस्तराऐवजी वरून घालायचा भडक रंगाचा रेनकोट घ्या, नाहीतर जॅकेट भिजून जड होते आणि घाटात थंडीने बोटे आखडतात.

डबलसीट बसणाऱ्यालाही हेच हेल्मेट, याच मापाने. चार वर्षांवरील प्रत्येकाला (पगडी घालणारे शीख वगळता) ते कायद्याने लागते. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून त्यांच्या मापाचे हेल्मेट आणि चालकाला बांधणारा सुरक्षा पट्टा सक्तीचा आहे, आणि मूल मागे असताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नेता येत नाही. असे मूल टाकीवर बसवले तर हा पट्टा लावताच येत नाही.

– एक दुचाकी प्रशिक्षक, सातारा