बायथलॉनच्या निकालांत चुकलेल्या गोळ्यांचा आकडाही छापावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळी खेळांचे निकाल आपल्या दैनिकाच्या क्रीडापानावर अधूनमधून छापले जातात, याबद्दल एक वाचक म्हणून मी मनापासून आभारी आहे. मात्र बायथलॉनचा निकाल खेळाडूचे नाव, देश आणि पदक एवढ्यावरच संपतो आणि त्यामुळे या खेळाचा गाभा वाचकांपर्यंत पोहोचत नाही, असे मला वाटते. या खेळात कोणी किती गोळ्या चुकवल्या, हे कळल्याशिवाय शर्यत कशी झाली ते समजतच नाही. नॉर्वेच्या टोरा बर्गर यांच्या कारकिर्दीच्या आधारे मी हे म्हणणे मांडत आहे, कारण केवळ पदके मोजून त्यांची थोरवी लक्षात येणे अवघड आहे.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. बायथलॉनमध्ये खेळाडू पाठीवर किमान साडेतीन किलो वजनाची रायफल घेऊन बर्फावरून स्कीने धावतो, ठरावीक अंतरानंतर नेमबाजीच्या जागी थांबतो, पाच गोळ्या झाडतो आणि पुन्हा धावू लागतो. रायफल .२२ बोअरची असते आणि लक्ष्य ५० मीटरवर असते. आम्हा कोल्हापूरकरांना हे अंतर आणि ही रायफल परकी नाही. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला याच अंतरावर, याच बोअरच्या रायफलने जागतिक अजिंक्यपद पटकावले आणि कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकचे कांस्यपदकही ५० मीटर रायफल प्रकारातच मिळवले. आपल्या नेमबाजांसमोरच्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे असते. बायथलॉनमध्ये पडून नेम धरताना ४५ मिलिमीटरचे आणि उभ्याने नेम धरताना ११५ मिलिमीटरचे वर्तुळ पाडायचे असते, त्यामुळे आकाराकडे पाहून हे काम सोपे वाटू शकेल. परंतु आपला नेमबाज नाडी शांत करून, श्वास आवरून चाप ओढतो, तर बायथलॉनपटू चढ चढून आल्यावर, छाती धपापत असताना, काही सेकंदांत पाचही गोळ्या झाडतो. शिवाय वारा, हिमवर्षाव आणि गोठलेली बोटे यांचाही सामना त्याला करावा लागतो.

चुकीची शिक्षाही कठोर असते. बहुतेक प्रकारांत प्रत्येक चुकलेल्या गोळीमागे १५० मीटरची दंडफेरी मारावी लागते आणि तिच्यात वीस सेकंदांहून अधिक वेळ जातो. महिलांच्या १५ किलोमीटर वैयक्तिक शर्यतीत मात्र दंडफेरी नसते. तिथे एका चुकीसाठी एकूण वेळेत थेट एक मिनिट मिळवले जाते. या शर्यतीत चार वेळा थांबून वीस गोळ्या झाडायच्या असतात आणि खेळाडू ठरावीक अंतराने एकेक करून सुटत असल्यामुळे प्रतिस्पर्धी डोळ्यांसमोर नसतो. म्हणूनच या प्रकाराला बायथलॉनची सर्वांत जुनी आणि सर्वांत कडक कसोटी मानले जाते.

१८ फेब्रुवारी २०१० रोजी व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत व्हिसलर येथे झाली आणि टोरा बर्गर यांनी ती जिंकली. आपल्याकडे निकाल छापून आला असता, तर तो ‘बर्गर, नॉर्वे, सुवर्ण’ एवढाच आला असता. आता त्या निकालाला चुकलेल्या गोळ्यांचा आकडा जोडून पाहावा. रौप्यपदक मिळवणाऱ्या कझाकस्तानच्या येलेना ख्रुस्तालेवा यांनी वीसपैकी वीस लक्ष्ये पाडली होती, तर बर्गर यांची एक गोळी चुकली होती. म्हणजे बर्गर यांच्या वेळेत एका मिनिटाची भर पडली, तरीही त्या २०.७ सेकंदांनी पुढे राहिल्या. याचा अर्थ असा, की दंड बाजूला ठेवला तर निर्दोष नेमबाजी करणाऱ्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा त्या जवळजवळ ८१ सेकंदांनी वेगवान होत्या. कांस्यपदक मिळवणाऱ्या बेलारूसच्या दारिया डोम्राचेवा यांचीही एकच गोळी चुकली होती. त्यांच्याशी तुलना केली की बरोबरीच्या नेमबाजीतही बर्गर किती पुढे होत्या, हे दिसते. निकालात एका आकड्याची भर पडली की शर्यत अशी डोळ्यांसमोर उभी राहते.

हे सुवर्ण हिवाळी ऑलिम्पिकच्या इतिहासातील नॉर्वेचे शंभरावे सुवर्ण ठरले, म्हणून तिकडे त्याची विशेष नोंद झाली. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. बायथलॉनमध्ये ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणाऱ्या बर्गर या पहिल्या नॉर्वेजियन महिला होत्या. पुरुषांमध्ये नॉर्वेच्या माग्नार सोलबर्ग यांनी १९६८ आणि १९७२ मध्ये हे यश मिळवले होते आणि ओले आयनार ब्योर्नडालेन यांनी २००२ मध्ये एकाच ऑलिम्पिकमध्ये चार सुवर्णपदके जिंकली होती. महिलांना मात्र ऑलिम्पिकच्या बायथलॉनमध्ये प्रवेशच १९९२ मध्ये मिळाला आणि त्यानंतरही नॉर्वेच्या पहिल्या महिला सुवर्णाला अठरा वर्षे लागली. लिव्ह ग्रेटे पुआरे यांनी २००२ मध्ये याच १५ किलोमीटर शर्यतीत रौप्य मिळवले होते आणि मुलीच्या जन्मानंतर साधारण वर्षभराने, २००४ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत, चार सुवर्णपदके जिंकली होती, पण ऑलिम्पिक सुवर्णाने त्यांनाही हुलकावणी दिली.

व्हँकुव्हरच्या आदल्या वर्षी, २००९ मध्ये, बर्गर यांना त्वचेचा कर्करोग झाल्याचे निदान झाले होते. वेळेत शस्त्रक्रिया झाली आणि त्या पुन्हा सरावाला लागल्या. या प्रसंगावर भावुक लिखाण करणे सोपे आहे. मला एवढेच नोंदवायचे आहे, की त्यांच्या कारकिर्दीतील सर्व मोठे यश त्या आजारपणानंतरचे आहे. तोपर्यंत जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील एकही सुवर्ण त्यांच्या नावावर नव्हते. निवृत्त होताना अशी आठ सुवर्णपदके त्यांच्या खात्यात होती.

त्यांपैकी तीन २०१२ मध्ये जर्मनीतील रुपोल्डिंग येथे आणि चार २०१३ मध्ये चेक प्रजासत्ताकातील नोव्हे म्येस्टो येथे मिळाली. नोव्हे म्येस्टोची ती स्पर्धा मला बर्गर यांच्या कारकिर्दीचा कळस वाटते. तिथे त्या सहा शर्यतींत उतरल्या आणि सहाही शर्यतींत पदक घेऊन परतल्या. पाठलागाची शर्यत (आधीच्या शर्यतीतील वेळेच्या फरकाने खेळाडू सुटतात ती), १५ किलोमीटर वैयक्तिक, महिलांची रिले आणि मिश्र रिले यांत त्यांना सुवर्ण मिळाले. कमी अंतराच्या स्प्रिंट शर्यतीत युक्रेनच्या ओलेना पिद्रुश्ना आणि एकत्र प्रारंभाच्या शर्यतीत डोम्राचेवा त्यांच्या पुढे राहिल्याने तिथे रौप्यावर समाधान मानावे लागले. बायथलॉनमध्ये एखाद्या दिवशी वाऱ्याची एक झुळूक अव्वल खेळाडूलाही पंधराव्या क्रमांकावर ढकलते. अशा खेळात दहा-अकरा दिवसांच्या स्पर्धेत एकदाही पदकाबाहेर न जाणे म्हणजे काय, हे पदकतालिकेतील ‘चार सुवर्ण, दोन रौप्य’ या नोंदीवरून कळत नाही. त्याच हंगामात त्यांनी विश्वचषक मालिकेचे सर्वसाधारण विजेतेपद मिळवले आणि स्प्रिंट, पाठलाग, वैयक्तिक आणि एकत्र प्रारंभ या चारही प्रकारांची स्वतंत्र विजेतेपदेही स्वतःकडेच ठेवली. वेग आणि नेम यांपैकी एकही बाजू लंगडी असती, तर चारही प्रकारांत वर्चस्व राखणे शक्यच झाले नसते.

इथे वयाचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. १८ मार्च १९८१ हा बर्गर यांचा जन्मदिवस. ऑलिम्पिक सुवर्ण मिळाले तेव्हा त्या एकोणतिशीला टेकल्या होत्या आणि नोव्हे म्येस्टोच्या वेळी बत्तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होत्या. खेळाडू मुलगी पंचविशी ओलांडली की तिचा काळ संपला, असे आपल्याकडे घरचे आणि पुष्कळदा प्रशिक्षकही गृहीत धरतात. मी अनेक वर्षे नेमबाजीच्या रेंजवर मुलींना सराव करताना पाहत आलो आहे आणि नोकरी, लग्न किंवा घरच्यांचा आग्रह यांपायी चांगल्या चांगल्या मुलींना नेमक्या बहराच्या वयात रायफल खाली ठेवताना पाहिले आहे. तेजस्विनी सावंत यांनीही जागतिक अजिंक्यपद मिळवले ते तिशीच्या जवळ असताना. नेमाची स्थिरता वर्षानुवर्षांच्या सरावातूनच येते आणि बर्गर यांच्या प्रत्येक हंगामाचा निकाल त्याची साक्ष देतो.

२०१४ च्या सोची ऑलिम्पिकमध्ये मिश्र रिलेचा प्रथमच समावेश झाला. त्यात बर्गर, टिरिल एकहॉफ, ब्योर्नडालेन आणि एमिल हेग्ले स्वेनसन यांच्या संघाने सुवर्ण मिळवले. पाठलागाच्या शर्यतीत बर्गर यांना रौप्य मिळाले आणि महिलांच्या रिलेमध्येही त्यांनी पदक मिळवले. तो हंगाम संपताच त्या निवृत्त झाल्या. विश्वचषक मालिकेचे सर्वसाधारण विजेतेपद त्या वर्षी फिनलंडच्या कायसा माकारायनेन यांच्याकडे गेले. संपूर्ण हंगामातील शर्यतींची बेरीज झाल्यावर बर्गर केवळ चार गुणांनी मागे राहिल्या होत्या. चार गुणांचा हा फरक पूर्ण हंगामात चुकलेल्या एखाद्या गोळीएवढा असू शकतो. दुसरे म्हणजे, जगातील सर्वोत्तम खेळाडूंच्या अगदी बरोबरीने धावत असताना त्यांनी स्वतः होऊन थांबायचे ठरवले, हे त्या आकड्यावरूनच समजते.

त्यांच्यानंतर एकहॉफ यांनी २०२०-२१ मध्ये आणि मार्टे ओल्सबू रोइसलँड यांनी २०२१-२२ मध्ये विश्वचषक मालिकेचे सर्वसाधारण विजेतेपद नॉर्वेला मिळवून दिले. रोइसलँड यांनी तर २०२० च्या अंथोल्ट्स येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत सातही शर्यतींत पदके घेतली आणि २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णांसह पाच पदके मिळवली. त्यांच्या बीजिंगच्या स्प्रिंटमधील विजयाची बातमी मी वाचली, पण त्यात दहापैकी दहा लक्ष्ये पाडल्याचा उल्लेख नव्हता. त्या शर्यतीविषयी सांगण्यासारखी पहिली गोष्ट तीच होती.

आपल्याला माझी विनंती एवढीच आहे, की यापुढे बायथलॉनचा निकाल छापताना पहिल्या तीन खेळाडूंच्या नावांपुढे कंसात चुकलेल्या गोळ्यांची संख्या द्यावी. हा आकडा प्रत्येक अधिकृत निकालपत्रकात असतो आणि तो छापायला अर्धी ओळही लागत नाही. शर्यत वैयक्तिक प्रकाराची असेल, तर एका चुकीमागे एक मिनिट वाढते, ही टीप सोबत असल्यास नवख्या वाचकालाही निकाल उलगडेल. कोल्हापूर आणि पुणे येथे पन्नास मीटरच्या रेंजवर रोज सराव करणारी मुले-मुली आपले क्रीडापान आवर्जून वाचतात, आणि ‘बर्गर (१), ख्रुस्तालेवा (०)’ अशी नोंद त्यांच्या नजरेतून सुटणार नाही, याची मला खात्री आहे.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर