ग्रीक जेवण हवं असेल तर कुवारबावला या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रत्नागिरीतल्या नव्या खाद्यगृहांवर पानभर मजकूर आला होता. त्यात शहरातल्या एका कॅफेतली 'ग्रीक थाळी' ही जिल्ह्यातली एकमेव ग्रीक चव म्हणून वाखाणलेली आहे. मी ती खाऊन आलो. ती ग्रीक नाही, आणि ग्रीक जेवण देणारी जिल्ह्यातली ती एकमेव जागाही नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबलं तर सांभाळून घ्यावे.

मी जहाजावर चीफ कूक होतो. बरीचशी नोकरी ग्रीक मालकांच्या बल्क कॅरिअरवर, म्हणजे धान्य-कोळशासारखा सुटा माल नेणाऱ्या जहाजांवर गेली. जगातल्या सर्वांत मोठ्या व्यापारी ताफ्यांपैकी एक आज ग्रीक मालकांच्या हातात आहे, तेव्हा आमच्या किनाऱ्यावरच्या खलाशांना यात काही नवल वाटायचं नाही. कॅप्टन ग्रीक, चीफ इंजिनिअर ग्रीक आणि क्रूमध्ये दापोली, गुहागर, देवगडची पोरं. गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, एका शेगडीवर आपली डाळ, शेजारच्या शेगडीवर त्यांची फसोलाडा, म्हणजे पांढऱ्या घेवड्याचं टोमॅटो, गाजर आणि सेलरी घातलेलं दाट सूप. ऑलिव्ह तेलात हात आखडता घेतला की कॅप्टन स्वतः खाली यायचा. जेवणाच्या बाबतीत ग्रीक माणूस कोकणी माणसाइतकाच खवचट.

आता ती थाळी. हमस, म्हणजे वाटलेल्या चण्यांची चटणी, आणि फलाफल, म्हणजे तळलेले चण्याचे वडे, होते. दोन्ही चांगले पदार्थ, पण ते लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन आणि इजिप्तकडचे. सॅलडमध्ये आइसबर्ग लेट्यूसचा पाला. ग्रीक खेडवळ सॅलडमध्ये पाला नसतो. टोमॅटो, काकडी, कांदा, सिमला मिरची, काळी ऑलिव्ह, वर फेटा चीजची अख्खी वडी, ओरेगॅनो आणि भरपूर तेल. पाव आतून पोकळ. ग्रीक पिटा पोकळ नसतो. तो जाडसर, मऊ असतो आणि तेल लावून शेगडीवर शेकतात. दह्याच्या चटणीत मेयोनीज ढवळलेलं. आणि मेनूकार्डावर 'फेटा' लिहून जे पांढरे चौकोनी तुकडे पडले होते ते साधं प्रोसेस्ड चीज होतं. फेटा मेंढीच्या दुधाचा होतो, फार तर त्यात तीस टक्क्यांपर्यंत बकरीचं दूध चालतं, आणि तो किमान दोन महिने मुरवावा लागतो. 2002 साली युरोपीय संघाने हे नाव ग्रीसपुरतं राखून ठेवलं. डेन्मार्कवाले गायीच्या दुधाचा करून विकत होते, ते कोर्टात गेले आणि 2005 मध्ये हरले. आपल्याकडे ते नाव लिहिलं म्हणून कोणी कोर्टात खेचणार नाही हे मलाही कळतं. पण गिऱ्हाइकाकडून फेटाचे पैसे घ्यायचे तर ताटात फेटा हवा, नाहीतर सरळ चीज लिहावं.

खरा मुद्दा पुढे आहे. आपल्या बातमीदाराने सगळी हॉटेलं मारुती मंदिर ते साळवी स्टॉप एवढ्यातच पाहिलेली दिसतात. चांगलं ग्रीक जेवण शोधायचं तर गावाच्या कडेला जावं लागतं, आणि हे खुद्द ग्रीसमध्येही तसंच आहे. अथेन्सच्या पिरेयस बंदराला जहाज लागलं की नवखी पोरं धक्क्यासमोरच्या, फोटोवाल्या मेनूच्या हॉटेलांत शिरायची. जुने खलाशी बस पकडून केरात्सिनीला, निकेआला, पेरामाला जायचे. पेरामात जहाजं दुरुस्त करणारे कारखाने. केरात्सिनीत घाऊक मासळीचा लिलाव. निकेआ ही तर निर्वासितांची वस्ती. 1922 साली स्मिर्ना, म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझमीर, तुर्की फौजेच्या हाती पडलं, तेव्हा आणि 1923 च्या लोकसंख्येच्या अदलाबदलीच्या करारानंतर लाखो ग्रीक तिकडून उठून इकडे आले. त्यांना शहराच्या मध्यात कोण जागा देणार? ते कडेला बसले आणि सोबत आपला मसाल्याचा हात घेऊन आले. जिरं आणि लसूण घातलेले खिम्याचे लांबट गोळे टोमॅटोच्या रश्श्यात सोडतात, त्याला आजही स्मिर्नाचेच म्हणतात. ते पहिल्यांदा खाल्ले तेव्हा आमचा गुहागरचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, मला म्हणाला, "हे कोणी मुसलमान मोहल्ल्यातून आणलंन काय?"

ऑस्ट्रेलियात मेलबर्नलाही तेच. शहराच्या मध्यात लॉन्सडेल स्ट्रीटवर ग्रीक दुकानांची जुनी गल्ली, पण पोटभर आणि चवीने खायचं तर लोक आगगाडीने ओकली नावाच्या उपनगरात जातात. कारण साधं आहे. भाडं कमी असतं तिथे मालक तेलात आणि मासळीत काटकसर करत नाही. शिवाय समोर बसलेलं गिऱ्हाईक रोजचं असतं, त्याला एकदाच फसवता येतं.

तर आमच्या कुवारबावला, स्टेशनकडून मिरजोळे एमआयडीसीकडे वळलं की आतल्या रस्त्याला एक मच्छीचं जेवणघर आहे. नाव देत नाही, या पत्राची जाहिरात व्हायला नको. रिक्षावाल्याला विचारलंत तरी सापडेल. दुपारी तिथे एमआयडीसीतले कामगार आणि ट्रकवाले बांगड्याची थाळी खातात. चालवणारा पोरगा क्रूझवर किचनमध्ये होता, ग्रीक बेटांच्या फेरीवर. लॉकडाऊनमध्ये घरी आला तो राहिला. संध्याकाळी तो पाच-सहा ग्रीक पदार्थ करतो. निळा-पांढरा रंग नाही, भिंतीवर सँटोरिनीचं चित्र नाही. फळ्यावर खडूने लिहितो, तेही मिरकरवाडा बंदरात त्या दिवशी काय उतरलं ते बघून.

त्याचं म्हाकूळ, म्हणजे स्क्विड, बघण्यासारखं असतं. लहान म्हाकुळं घेतो, डोकं ओढून आतली ती काचेसारखी पट्टी काढतो, जांभळी साल सोलतो, आणि मग फडक्याने अगदी कोरडं करतो. आपल्याकडे नेमकं हेच कोणी करत नाही. ओलं म्हाकूळ शेगडीवर टाकलं की पाणी सुटतं, ते स्वतःच्याच पाण्यात शिजतं आणि चिवट होतं. म्हाकुळाला एकतर मिनिटा-दोन मिनिटांची कडक आच द्यावी, नाहीतर मंद आचेवर तासभर ठेवावं. मधलं काहीही केलंत तर रबर चावावं लागतं. पोरगा करवंट्यांचा निखारा फुलवतो, जाळी तापू देतो, तेलाचं बोट फिरवतो आणि म्हाकूळ टाकून हातच लावत नाही. एक बाजू डागाळली की एकदाच उलटतो. ताटलीत काढल्यावर वरून लिंबाचा रस आणि ऑलिव्ह तेल दाट होईपर्यंत घुसळून ओततो आणि ओरेगॅनो चुरडतो. संपलं. हळद नाही, तिरफळ नाही, कोकम नाही. आमच्या घरच्या मंडळींनी पहिल्या घासाला नाक मुरडलं होतं, "मीठ-मिरची विसरलाय मेला." नंतर दुसरी प्लेट त्यांनीच मागवली.

तारल्या तो अशाच भाजतो, अख्ख्या, जाडं मीठ लावून. ग्रीसमध्ये भाजलेली तारली हे गरिबाचं खाणं, आणि इथे तीच तारली आपण रश्श्यापलीकडे नेत नाही. महागाचं ऑलिव्ह तेल तो तळणीत जाळत नाही. तळायला साधं तेल, ऑलिव्ह फक्त वरून, कच्चं. एवढी अक्कल मोठमोठ्या हॉटेलांना नसते.

त्याच्या झाझिकीबद्दल, म्हणजे दही-काकडीच्या चटणीबद्दल, मात्र लिहायलाच हवं. म्हशीच्या दुधाचं दही रात्रभर फडक्यात टांगून चक्का करतो. पावसाळ्यात तवसं, एरवी काकडी. किसून, मीठ लावून, मुठीत दाबून शेवटच्या थेंबापर्यंत पिळून घेतो. लसूण खलात ठेचतो. थोडं व्हिनेगर, तेल, आणि शेपू. हो, आपल्या बाजारातला शेपू, जो बघून घरोघरी पोरं ताटावरून उठतात. चमचा उभा राहील इतकं दाट. मी त्याला विचारलं, एवढं नीट करतोस तर टेबलावर मेयोनीजची बाटली कशाला? म्हणाला, "काका, लोकं मागतात. नाही दिलं तर म्हणतात, हे ग्रीक नाही."

फेटा तो ठेवत नाही. परवडत नाही, आणि मुंबईहून येईपर्यंत त्याची काय अवस्था होते ते त्याला ठाऊक आहे. सॅलडवर तो मिठाच्या पाण्यात मुरवलेलं पनीर घालतो आणि फळ्यावर तसंच लिहितो: खारवलेलं पनीर. चव फेटाची नाही. मला ती थोडी सपक वाटते. पण फळ्यावर जे लिहिलंय तेच ताटात येतं. पोर्क ठेवत नाही, ते इथे चालणार नाही. सुवलाकी, म्हणजे सळईवर भाजलेले मांसाचे तुकडे, तो चिकनची करतो, आणि ती अथेन्समध्येही मिळते, तेव्हा त्यात फसवणूक काही नाही. मुसाका, म्हणजे वांगी आणि खिम्याचे थर लावून भाजलेला पदार्थ, करत नाही. त्यावरचा व्हाइट सॉसचा थर निकोलाओस त्सेलेमेंतेस या ग्रीक शेफने 1920 च्या दशकात फ्रेंच वळणावर चढवला असं सांगतात, आणि माझ्या मते त्याने वांग्याचं वाटोळं केलं. पण हे माझं मत. कॅप्टनसमोर बोलायची हिंमत कधी झाली नाही.

मासे न खाणाऱ्यांनीही हे पत्र इथेच सोडू नये. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांहून जास्त उपास धरतात. मांस, मासे, अंडी, दूध, चीज सगळं वर्ज्य. गंमत म्हणजे रक्त नसलेलं म्हणून म्हाकूळ, कालवं चालतात! आमचा एक चीफ इंजिनिअर एरवी देवाचं नाव घेत नसे, पण त्या दिवसांत मला आठवणीने सांगायचा, आज सूपमध्ये लोणी नको. या उपासांमुळे त्यांच्याकडे तेलावरच्या भाज्यांचं मोठं दालन तयार झालं आहे: फरसबी टोमॅटो-कांद्यात मऊ शिजवलेली, वांगी-बटाटे-भोपळी मिरची भट्टीत भाजलेली, पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचा घोटलेला फावा, आणि भेंडी. ग्रीक लोक भेंडी खातात हे इथे सांगितलं की कोणी विश्वास ठेवत नाही. ते तिला आधी व्हिनेगर चोळून ठेवतात म्हणजे बुळबुळीत होत नाही, मग टोमॅटोत शिजवतात. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत आणि पुढे श्रावणात हा पोरगा फळ्यावर हेच लिहितो. कांदा-लसूण असतो, तेव्हा चातुर्मास कडक पाळणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं. भेंडीला व्हिनेगरऐवजी तो आमसुलाचं पाणी वापरतो. कॅप्टनला ते चाललं नसतं, मला चालतं.

शहरातल्या हॉटेलवाल्यांना माझं सांगणं एवढंच, की फ्रोझन पिटा आणि बाटलीतले सॉस आणून ग्रीक बोर्ड लावण्यापेक्षा सकाळी बंदरावर चक्कर मारा. ताजी मासळी, लिंबू, दही, काकडी, शेपू हे सगळं आपल्या दारात आहे. बाहेरून आणायचं ते तेल, ऑलिव्ह आणि ओरेगॅनो. आपलं बरंचसं म्हाकूळ बर्फात घालून परदेशी जातं, आणि आपण इथे मैद्यात घोळलेल्या गोठवलेल्या कड्या 'कॅलमारी' म्हणून दुप्पट भावाने खातो, याचा कोणालातरी राग यायला हवा.

आणि आपल्याला विनंती, की हॉटेलांवर लिहिताना मालकाने पुढे केलेल्या ताटाचा फोटो छापण्याआधी बातमीदाराने स्वतःच्या पैशाने एकदा जेवावं. कुवारबावला पाठवणार असाल तर सोमवार सोडून पाठवा, आणि संध्याकाळी सातच्या आत. आठनंतर म्हाकूळ संपलेलं असतं, मग तो तुम्हाला चिकन घ्या म्हणेल.

आपला,
एक निवृत्त चीफ कूक,
कुवारबाव, रत्नागिरी