वाईच्या काकांना, त्या दोन दिवसांच्या रोजाबद्दल

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही मोबाईल फक्त उचलायला आणि ठेवायला वापरता, त्यामुळे हे पत्र तुमची नातच वाचून दाखवेल. चारचौघांत लिहितोय, कारण समोर बसून बोललो असतो तर तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषय बदलला असता.

गेल्या आठवड्यात साईटवर एक मुलगी आली. यंदाच दहावी झालेली. विचारायला लागली, इलेक्ट्रिशियन व्हायला काय करावं लागतं? मी सांगितलं: दहावीला गणित-विज्ञान हवं, मग आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडची दोन वर्षं, प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन, मुलींना राखीव जागा असतात. पुढे कारखान्यात नाहीतर वीज कंपनीत अप्रेंटिसशिप, तिथे थोडंफार विद्यावेतन मिळतं. मग वायरमनचं परमिट. पाच मिनिटांत संपलं सगळं. ती म्हणाली, "आणि काम कुठे शिकायचं?" तिथे मी अडलो. मला तर तुमच्याशिवाय काही आठवेना.

2009 साली मी तुमच्या दारात आलो तो साताऱ्याच्या आयटीआयचं सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. स्टार-डेल्टा स्टार्टरची आकृती डोळे मिटून काढायचो. तुम्ही विचारलंत, "शिडी धरता येते का?" पुढचे चार महिने शिडीच धरली. पाइपात स्प्रिंग घालायची, वायर ओढायची, भिंत फोडली की राडारोडा भरायचा. नावसुद्धा गेलं माझं. "ए आयटीआय, पक्कड दे." राग यायचा, खरं सांगतो. चार महिने जरा जास्तच झाले असं मला अजूनही वाटतं, दोनात भागलं असतं.

मग वाईतल्या गंगापुरीतला तो वाडा. वॉशिंग मशीनला हात लावला की मुंग्या येतात अशी तिथल्या वहिनींची तक्रार होती. तुम्ही दुसऱ्या साईटवर अडकलेले, म्हणून पहिल्यांदा मला एकट्याला पाठवलंत. सॉकेट उघडलं तर वरच्या मोठ्या भोकाला वायरच नाही. अख्ख्या वाड्याला अर्थिंग नव्हतं, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणारी वायरच नव्हती. मी हुशारी केली. न्यूट्रलवरून, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीवरून, वीतभर तुकडा काढून अर्थच्या पिनला जोडला. मुंग्या बंद! वहिनींनी चहा दिला, वर पन्नास रुपये दिले. संध्याकाळी ही मर्दुमकी तुम्हाला ऐकवली, तर तुम्ही नुसतं "हं" केलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन परत तिथेच. वहिनींना म्हणालात, "थोडं तपासायचं राहिलंय." माझ्याबद्दल एक अक्षर नाही. सगळ्यांना लांब उभं केलंत, मेन बंद करून त्या बोर्डाचा न्यूट्रल सोडवलात, मेन चालू करून मशीनचं बटण दाबलंत. टेस्ट लॅम्पची एक वायर मशीनच्या पत्र्याला, दुसरी लोखंडी नळाला. शंभरचा बल्ब पेटला. मोटरीतून आलेल्या करंटला परत जायची वाट तुटली होती, म्हणून तो मी जोडलेल्या तुकड्यावरून थेट पत्र्यावर उतरला होता. तुम्ही हळूच, माझ्यापुरतं म्हणालात, "न्यूट्रल रोज तुटत नाही. तुटेल तेव्हा ही बाई ओल्या हाताने कपडे काढत असेल."

पुस्तकात अर्थिंगवर अख्खा धडा होता, काका. मला त्यात चांगले मार्क होते.

मग परसात अर्थिंगसाठी खड्डा. मी आत उभा राहिलो की बाहेरून फक्त डोकं दिसायचं, इतका. साठ बाय साठ सेंटिमीटरची जीआय प्लेट, तिला पट्टी कसलेली, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वरून पाणी. मेनजवळ तीस मिलिअँपिअरचा ईएलसीबी, करंट गळला की आपोआप वीज तोडणारा. दोन दिवस गेले. वहिनींकडून तुम्ही सामानाचे तेवढे पैसे घेतलेत, मजुरी लावली नाहीत. आणि शनिवारी माझ्या हातात पूर्ण आठवड्याचा रोज ठेवलात, ते दोन दिवस धरून. चूक माझी, खड्डा माझ्या चुकीचा, तरी रोज तुमच्या खिशातून. तेव्हा मी काहीच बोललो नाही, पैसे मोजून घरी गेलो. आभार मानायचे ते याचे. पंधरा वर्षांहून जास्त उशीर झाला.

परमिटचा फॉर्मही तुम्हीच आणून दिलात, नाहीतर मी हेल्परच राहिलो असतो. आता ठेकेदाराचं लायसन्स आहे, नव्या कनेक्शनच्या टेस्ट रिपोर्टवर माझी सही चालते. "मेगर लावल्याशिवाय सही नाही", म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मीटरने तपासल्याशिवाय नाही, ही तुमची खोड माझ्याही अंगात भिनली आहे. तिच्यापायी यंदा दोन गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. त्याचा दोष तुमच्या खात्यावर लिहितो.

त्या मुलीला सांगितलंय, आयटीआय पुरं करून ये. शिडी धरावी लागेल, पण दोनच महिने.

आणि एक. दिवाळीला आलो तेव्हा तुमच्या माजघरातला बोर्ड पाहिला. गावभर वायरिंग केलंत आणि स्वतःच्या घरात अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, त्यातल्या एकात तर चक्क जाड वायर गुंडाळलेली, लोड वाढला तरी न वितळणारी! दुसऱ्या कुणाच्या घरात दिसली असती तर तुम्ही वाडा डोक्यावर घेतला असता. येत्या रविवारी एमसीबी बॉक्स घेऊन येतोय, लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचांचा. मजुरीचं नाव काढायचं नाही. तुम्ही फक्त शिडी धरा.

तुमचा,
आयटीआय