लेकीचं लग्न शनिवारी लागलं, मंगळवारी नव्हे: ब्रिटनच्या न्यायमंत्र्यांना खुलं पत्र

मा. न्यायमंत्री,
न्याय मंत्रालय, लंडन

स. न. वि. वि.

या पत्राची इंग्रजी प्रत टपालाने तुमच्याकडे रवाना झाली आहे. मराठीत वेगळं लिहिते आहे ते इथल्या आमच्या माणसांसाठी. विषय पेगन, म्हणजे निसर्गपूजक लोकांच्या लग्नांचा आहे म्हटल्यावर "आपल्याला काय त्याचं" म्हणून ती पुढे जातील. त्यांचंही त्यात काय अडकलंय, ते पुढे येईलच.

मी मूळची साताऱ्याची, 34 वर्षं यॉर्कशायरमध्ये राहते. माझा जावई विक्कन आहे, म्हणजे पेगनांतल्या विक्का पंथाचा. हे घरी सांगताना माझी चांगलीच तारांबळ उडाली. मुलगा काय करतो, तर सॉफ्टवेअर. आईवडील काय करतात, दोघं शिक्षक. धर्म? इथे फोनवर शांतता. विक्का म्हणजे काय हे एका शब्दात सांगायला गेलं तर मराठीत 'चेटूक' हाच शब्द हाताशी येतो, आणि आमच्याकडे तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. नंदुरबारकडे बाईला डाकीण ठरवून छळल्याच्या बातम्या आम्ही वाचत आलो आहोत. महाराष्ट्राने 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा केला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. दाभोलकर आमच्या साताऱ्याचेच. त्यामुळे "जावई स्वतःला विच म्हणवतो" हे वाक्य मी चार महिने गिळून ठेवलं होतं.

मग जमेल तसं सांगितलं. ही मंडळी कुणावर करणी करत नाहीत. चंद्रसूर्य, झाडं, ऋतू यांना मानतात, एक देवी आणि एक शिंगांचा देव पुजतात, वर्षाला आठ सण करतात. धर्म तसा ताजा आहे. चेटकाबद्दलचा तुमचा 1735 चा कायदा 1951 मध्ये रद्द झाला, त्यानंतर सिलोन-मलायात नोकरी करून परतलेल्या जेराल्ड गार्डनर नावाच्या गृहस्थांनी तो उघडपणे मांडला. त्यांचं पुस्तक 1954 चं, मी 1958 ची. माझ्याहून चार वर्षांनी मोठा धर्म. हे ऐकून माझी आतेबहीण म्हणाली, "म्हणजे आत्ता कुठे निवृत्त झाला म्हणायचा." तिथून पुढे सगळं सोपं गेलं.

आता लग्नाचं. लग्न दोनदा झालं, आणि तक्रार त्याचीच आहे.

पहिलं एका मंगळवारी, रजिस्टर ऑफिसात. अकरा मिनिटं लागली. त्याआधी मुलांनी आपल्या शपथेचा मजकूर दाखवायला नेला होता. तिथल्या बाई स्वभावाने गोड होत्या, त्यांना दोष नाही. कायद्याप्रमाणे तिथल्या विधीत धार्मिक काही चालत नाही, म्हणून त्या पेन घेऊन ओळीओळीने वाचत गेल्या. 'देवीच्या साक्षीने' यावर काट मारली. 'चंद्राच्या साक्षीने' यापाशी अडखळल्या, आत जाऊन कुणाला तरी विचारून आल्या. चंद्र चालेल म्हणाल्या, चंद्र निसर्गात मोडतो. मी मंगलाष्टकाचं एकच कडवं म्हणू का विचारलं. तेही नाही. सही झाली, फोटो झाला, बाहेर पुढचं जोडपं ताटकळत होतं. कायद्याच्या लेखी माझी लेक त्या क्षणापासून विवाहित, पण तिच्या चेहऱ्यावर पासपोर्टचं नूतनीकरण उरकल्याचे भाव होते.

दुसरं लग्न शनिवारी लागलं. डर्बीशायरमध्ये त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचं कुरण आहे, त्यात एक जुना ओक. पाऊस भुरभुरत होता. पाहुण्यांनी झाडाभोवती गोल धरला, लग्न लावणाऱ्या बाईंनी, म्हणजे त्यांच्या हाय प्रीस्टेसनी, त्या गोलाच्या कडेने चालत रिंगण आखलं आणि चार दिशांना हाक घातली. पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला भूमी. पश्चिमेला पाणी म्हटल्यावर मी मनात म्हटलं, बरोबर, वरुण तिकडेच. अग्नी मात्र आपला आग्नेयेला. असो, फरक पंचेचाळीस अंशांचा.

मग हातांवर दोऱ्या बांधल्या. या विधीला हँडफास्टिंग म्हणतात. तीन दोऱ्या होत्या, त्यांतली एक माझ्या शालूच्या काठाची. उंदराने जिथे कुरतडला होता तिथलाच काठ मी कापून दिला होता, उगाच त्यागाचा आव नको. दोऱ्यांची टोकं ओढून गाठ पडली आणि मग हात अलगद काढून घेतले, गाठ तशीच ठेवून. उपरण्याला पदराची गाठ मारतात ती मला त्या जागी दिसली, आणि चष्मा पुसायला लागला. पावसामुळे असं मी सगळ्यांना सांगितलं.

शेवटी नवराबायकोने हातात हात घालून झाडूवरून उडी मारायची असते. जुनं संपलं, नवीन सुरू, असा अर्थ. पण आडवी ठेवलेली केरसुणी पाहिली आणि माझ्या पोटात गोळा आला. आम्ही लक्ष्मीपूजनाला केरसुणी पुजतो, तिला चुकून पाय लागला तर नमस्कार करतो. व्हिडिओ कॉलवर आत्या ओरडल्याच, "अगं, लक्ष्मी ओलांडतात का कुणी!" गोल थांबला. मी पुढे झाले, पिशवीतली कुयरी काढली, झाडूला हळदकुंकू वाहिलं आणि म्हटलं, आता मारा उडी, परवानगी घेतली आहे. त्या प्रीस्टेसबाईंना ते इतकं आवडलं की हळदकुंकू कुठे मिळतं ते त्यांनी लिहून घेतलं.

हे सगळं साठ माणसांसमोर झालं. नवरानवरीने खरी वचनं दिली ती तिथे. आणि त्याची कायद्याच्या लेखी किंमत शून्य.

हे असं का, ते तुमच्या खात्याला ठाऊक आहे, माझ्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. इंग्लंड आणि वेल्समध्ये विवाहाचा कायदा प्रामुख्याने 1949 चा, त्याची मुळं 1753 आणि 1836 च्या कायद्यांत. तो पाहतो इमारत. रजिस्टर ऑफिस, चर्च, नोंदलेलं प्रार्थनास्थळ किंवा मंजूर केलेलं हॉटेल-हवेली. क्वेकर हा ख्रिस्ती पंथ आणि ज्यू यांना 1753 पासूनच सूट आहे, ते वाटेल तिथे लग्न लावू शकतात. बाकीच्यांनी आपल्या धर्माची इमारत दाखवायची, आणि ती लग्नांसाठी नोंदवायला 20 घरमालकांच्या सह्या आणायच्या. आता ज्यांचं देऊळ म्हणजे ओकचं झाड, त्यांनी काय नोंदवायचं? झाडाला छप्पर नसतं. मंजूर हॉटेलच्या बागेत उघड्यावर लग्न 2021 पासून लावता येतं खरं, पण ते नागरी लग्न, म्हणजे तिथेही देवीवर काट.

स्कॉटलंडमध्ये मात्र परवाना व्यक्तीला मिळतो. 2004 साली एडिनबरात पेगन पद्धतीने कायदेशीर लग्न लागलं, आणि तिथल्या पेगन फेडरेशनचे लोक आजही लावतात. 1753 च्या कायद्यानंतर प्रेमिक जोडपी सरहद्दीपलीकडच्या ग्रेटना ग्रीन या स्कॉटिश गावाला पळून जायची. आज आमच्या विहिणीची भाची तिकडे गेली ती आईवडिलांनाच गाडीत घालून.

दोनदा लग्न करण्यात बिघडलं काय, असं विचारणारे भेटतात. ज्यांना परवडतं, ज्यांना कायदा कळतो, त्यांचं फारसं बिघडत नाही. जावयाच्या ओळखीतल्या एका बाईंनी मात्र फक्त जंगलातलं लग्न केलं होतं. सरकारी कागदावर विश्वास नाही, असा दोघांचा बाणा. नवरा अचानक गेला, मृत्युपत्र नव्हतं. वारसाहक्काच्या नियमांत त्या 'पत्नी' नव्हत्याच. कोर्टात दावा लावून मिळालं असतं काही, पण वकिलाचे पैसे कुठून आणायचे? 2020 मध्ये अपील कोर्टाने अख्तर विरुद्ध खान प्रकरणात हेच सांगितलं. साऊथॉलच्या एका रेस्टॉरंटमध्ये 1998 साली झालेला निकाह हे अवैध लग्नसुद्धा नव्हे, लग्नाच्या व्याख्येतच न बसणारा समारंभ. वीसेक वर्षांच्या संसाराला एवढंच नाव.

आणि इथेच आमची मंडळीही अडकतात. हॉलमध्ये, हॉटेलात, मांडवात लागणारं आपलं लग्न, अंतरपाट, सप्तपदी, सगळं कायद्याच्या दृष्टीने नाटकच, आधी रजिस्टर ऑफिस गाठलं नसेल तर. साताऱ्यात माझं लग्न सातव्या पावलाला पूर्ण झालं, 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात तसं लिहिलं आहे. (फुशारकी नको. माझ्या लेकीने मुंबईत याच मुलाशी लग्न करायचं ठरवलं असतं तर 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली 30 दिवस नोटीस फळ्यावर लागली असती आणि कुणीही उठून हरकत घेऊ शकला असता. त्याबद्दलचं पत्र दिल्लीला लिहावं लागेल.)

तुमच्या खात्याने ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर केलं की हा कायदा बदलणार, इमारतीऐवजी लग्न लावणाऱ्या व्यक्तीकडे पाहणार. लॉ कमिशनने जुलै 2022 मध्ये हेच सुचवलं होतं. आनंद आहे. पण त्या शिफारशींत पुन्हा एक वीस आहे: लग्न लावणारा नेमायचा तर त्या धर्मगटाचे किमान 20 सदस्य हवेत आणि ते नियमित एकत्र जमत असावेत. मंत्रीमहोदय, विक्कन लोकांचा गट, ज्याला ते कव्हेन म्हणतात, तो परंपरेने तेराच्या वर जात नाही. तेरा झाले की दोन करतात. बरेच जण तर एकटेच घरी दिवा लावतात. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे 74,000 लोकांनी स्वतःला पेगन लिहिलं आणि आणखी सुमारे 13,000 जणांनी विक्कन. माणसं आहेत, फक्त ती वीसच्या रांगेत उभी राहत नाहीत.

फसव्या लग्नांची, जबरदस्तीची भीती तुम्हाला आहे, आणि ती रास्त आहे. त्यासाठी लग्न लावणाऱ्या व्यक्तीची कसून चौकशी करा, प्रशिक्षण द्या, नोटीस आणि दोन साक्षीदार ठेवा. पण गटाची डोकी मोजू नका. पेगन फेडरेशन 1971 पासून आहे, अशा संस्थेला अनेक छोट्या कव्हेनांच्या वतीने नावं सुचवू द्या, आणि तिचे सदस्य दर महिन्याला एका खोलीत जमतात की नाही हे विचारू नका. आमच्याकडे भटजी ठाण्याचे असतात आणि यजमान ब्रॅडफर्डचे, ते दर रविवारी भेटत नाहीत म्हणून लग्न कच्चं राहत नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट. लेकीच्या दाखल्यावर मंगळवारची तारीख आहे. बँकेत, व्हिसाच्या फॉर्मवर, सगळीकडे ती मंगळवारच लिहिते. लग्नाचा वाढदिवस मात्र शनिवारच्या तारखेला करते. परवा कुठल्याशा फॉर्मवर नवऱ्याने शनिवार लिहिला आणि बायकोने मंगळवार, तर फॉर्म परत आला.

जावयाच्या धाकट्या बहिणीचं येत्या बेल्टेनला, म्हणजे 1 मेच्या सुमारास, त्याच ओकखाली ठरतंय. मला झाडूची पूजा करायला आताच सांगून ठेवलं आहे. त्याआधी कचेरीतला मंगळवार धरायचा की नाही, एवढं वेळेत कळवलंत तर बरं होईल. नोटिशीला 28 दिवस लागतात.

आपली नम्र,
एका विक्कन जावयाची सासू