दिल्याने विचारलंय

पुणे, रविवार

प्रिय बंड्या,

फोनवर हे धड बोलता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो. तब्येत बरी. शुगर वर-खाली, चालायचंच.

काल दिल्या आला होता. चहाबरोबर मी चॉकलेट सोललं, तर त्या पन्नीकडे बघून त्याने मान फिरवली. अशाच पन्नीवर ओढायचा तो गर्द, ती भेसळीची हेरॉइन. सोडून इतकी वर्षं झाली, तरी! लॅबमधला उंदीरही असाच. दांडा दाबून कोकेन मिळायचं ते बंद झालं की दाबायचं सोडतो, पण कोकेनबरोबर लागायचा तो जुना दिवा लागला की पुन्हा दाबत सुटतो. आवड केव्हाच संपलेली असते, ओढ तेवढी शिल्लक. मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा कारभार बहुतेक या ओढीचाच. माझी अख्खी नोकरी ह्यात गेली. (हो, 'उंदरांचा नशाबंदी अधिकारी'. हस.)

तर मुद्दा. त्याच्या पोराच्या कपाटात बिअरचा रिकामा टिन सापडला. एकच. आणि दिल्या मला विचारतो, "तुझ्या शास्त्राप्रमाणे सांग, माझ्यातलं किती गेलंय ह्याच्यात?"

आकडा मला पाठ आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून व्यसनाचा ४० ते ६० टक्के भाग आनुवंशिक निघतो. पण तो आकडा लोकसंख्येचा, एका पोराचा नव्हे. हे वर्गात सांगायला ठीक, दिल्यासमोर जीभ उचलेना. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या नादी लागलेले बहुतेक अमेरिकन सैनिक घरी परतल्यावर पुन्हा त्यात अडकले नाहीत, हे मात्र सांगितलं. तो म्हणाला, "त्यांच्या बापांचं काय होतं?"

आठवतं, दिल्याच्या गर्दवरून कॅन्टीनमध्ये आपलं वाजलं होतं? तू म्हणालास, दोन मुस्काटात द्या, सुटेल. मी म्हणालो, हा मेंदूचा आजार आहे. महिनोन्‌महिने अबोला. पुढे त्याला रिक्षात कोंबून येरवड्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात, मुक्तांगणमध्ये तूच नेलंस, मी तेव्हा लॅबमध्ये. हे तू अजून उगाळतोस, उगाळ. पण त्या 'आजार' शब्दावर दिल्या तगला रे. दोष आपला नाही, एवढं त्याला पुरलं. आता तोच शब्द रक्तातून पोरापर्यंत पोचला, असं त्याला वाटतंय. गर्दवर औषध आहे, ब्युप्रेनॉर्फिन; दारूवर नालट्रेक्सोन. रिकाम्या टिनवर काय सांगू?

त्याला माझ्यापेक्षा तुझं पटतं, कायमच पटत आलंय. पुढच्या रविवारी तो जेवायला येतोय, तूही ये. मुस्काटाची भाषा घरी ठेवून ये.

वहिनींचा गुडघा कसा आहे? मंजूचं स्थळ जमलं का? कळव. फोन करशील तर नऊनंतर कर, त्याआधी हिची सिरियल असते.

तुझा,
अव्या